पाण्याची बारी आणि नाउन फ्रेज

मी इंग्रजी शिकवायला नांदेडहून उदगीरकडच्या त्या गावात गेले तेव्हा जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुनाच होता. शाळेच्या शिक्क्यावर अजून उस्मानाबादचं नाव होतं. हेडमास्तर प्रत्येक कागदावर शिक्का मारायचे, मग ते नाव लाल शाईनं खोडायचे आणि वर ‘लातूर’ असं लिहायचे. नवा शिक्का मागायचा तर जुन्या कचेरीकडं की नव्या, हे त्यांचं काही केल्या ठरत नव्हतं. पाण्याचंही तसंच होतं. टँकर कोण पाठवतं, आज का आला नाही, हे विचारायचं कुणाला, ते गावात कुणालाच माहीत नव्हतं.

मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, वर बी. एड. केलेली, आणि स्वतःला भलतीच शहाणी समजणारी होते. निघताना आई म्हणाली, “गोदावरीकाठची पोरगी तू. तिथं तांब्याभर पाण्यात आंघोळ करशील का?” मी म्हणाले, “मी शिकवायला चाललेय, पोहायला नाही.” असं तोडून बोलायची माझी जुनी खोड आहे. तांब्याभर पाण्यात आंघोळ कशी करतात ते मी पहिल्याच आठवड्यात शिकले. मुलांना मात्र त्या आठवड्यात माझ्याकडून काहीच शिकायला मिळालं नाही.

दहावीच्या वर्गाला माझ्या आधीच्या सरांनी नाउन फ्रेजची व्याख्या पाठ करून दिलेली होती. “शब्दांचा असा समूह, की ज्यात क्रियापद नसते आणि जो नामाचे काम करतो.” पोरं डोळे मिटून, एका सुरात, आरती म्हणावी तशी ती म्हणायची. मी खूश झाले. फळ्यावर वाक्य लिहिलं आणि म्हटलं, आता यातली नाउन फ्रेज शोधा. एकानं पहिला शब्द सांगितला. दुसऱ्यानं शेवटचा. तिसरा फळ्याजवळ आला आणि त्यानं सगळ्या वाक्याखालीच रेघ ओढली, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही.

पुस्तकातली उदाहरणं तर अशी की हसावं की रडावं कळेना. ‘अ गार्डन फुल ऑफ लव्हली फ्लॉवर्स.’ खिडकीतून बाहेर पाहिलं तर नजर पोचेल तिथवर भेगाळलेलं काळं रान. पहिल्या बाकावरच्या एका धीट पोरीनं विचारलं, “बाई, गार्डन मंजी बाग ना? मग तिथं पाणी कोण घालतंय?”

“प्रश्न इंग्रजीचा आहे,” मी म्हणाले.

तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं.

याच वर्गात शेवटच्या बाकावर एक बाप्या माणूस बसायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, तपासणीला आलेले कुणी साहेब असावेत, आणि मी खडू हातात धरून गार पडले. कपाळावर भस्माचे पट्टे, भरघोस मिशी, आणि गुडघे बाकाखाली मावत नाहीत म्हणून पाय बाहेर काढून तिरपं बसलेले. नंतर कळलं की तेही माझे विद्यार्थीच. दहावीचे बाकी सगळे विषय कधीच सुटलेले, एक इंग्रजी तेवढं राहिलं होतं. दर परीक्षेला बसायचे आणि दर परीक्षेला राहायचे. पोरं त्यांना अण्णा म्हणायची. मीही अण्णाच म्हणायला लागले. आपल्याहून मोठ्या, लेकरंबाळं असलेल्या माणसाला हजेरी घेतल्यासारखी नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नव्हती.

इतक्या वर्षांनी ते पुन्हा शाळेत आले होते ते नव्या जिल्ह्यापायी. लातूरला नव्या कचेऱ्या उघडल्यात, माणसं भरायचीत, आणि दहावी पास असेल त्याचंच नाव नोंदवून घेतात, अशी बातमी गावात आली होती. अण्णांचं गावात किराणाचं छोटं दुकान होतं. दुष्काळात तेही बसलं, फळ्या लागल्या. बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि अण्णा दप्तर घेऊन माझ्या वर्गात यायचे. लोक हसायचे. अण्णाही त्यांच्याबरोबर हसायचे, पण हसून झालं की लगेच पुस्तकात डोकं घालायचे.

हेडमास्तरांच्या परवानगीनं वर्गात बसायला लागले त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, “बाई, मला पस्तीसच मार्क द्या. छत्तिसावा नको.”

“मी कोण देणार अण्णा? मार्क बोर्ड देतं.”

“मग बोर्डाला पटंल असं काही शिकवा.”

मी शिकवत होते, पण काही होत नव्हतं. वाक्याचा अर्थ अण्णांना बरोबर कळायचा. कोण काय करतंय, कुणाला देतंय, सगळं ओळखायचे. त्यातले कुठले शब्द एकत्र बांधायचे, एवढं विचारलं की चेहरा कोरा. “समजून न्हाई राहिलं बाई,” म्हणायचे, आणि माझीच समजूत घातल्यासारखं वर म्हणायचे, “येईल.”

टँकर शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या कोरड्या आडात पाणी ओतायचा. तो कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून बारी कायमच लागलेली असायची. बारी माणसांची नव्हे, वस्तूंची. घागर, फुटका डबा, खुणेचा दगड, चप्पल, जे असेल ते. वस्तू ठेवली की माणूस उभं आहे असंच गाव धरायचं. तुम्ही खडी फोडायला जा, शाळेत जा, नाहीतर घरी जाऊन झोपा. तुमची चप्पल तुमच्या नंबरावर उभी. पाणी आलं की येऊन आपल्या जागेवर लागायचं. त्या गावात भांडण कशावरूनही पेटायचं, शेणाच्या पाटीवरूनसुद्धा. पण बारीतली दुसऱ्याची वस्तू कुणी हलवली असं मी तिथं असेपर्यंत कधी ऐकलं नाही. कुत्र्यानं एखादी चप्पल ओढून नेलीच तर ती कुणाची आणि कुठल्या जागेवरची हे अण्णा सांगायचे. ते सांगतील ते सगळ्यांना मान्य असायचं.

टँकरचा हॉर्न वाजला की माझा वर्ग संपायचा. अर्ध्या वाक्यात पोरं उठायची. एकदा मी चिडून दारात आडवी उभी राहिले. “बसा खाली! पाणी रोजच लागतं, परीक्षा रोज येत नाही!” पोरं बसली. बाहेर घागरींचा आवाज, आरडाओरडा. मग ती धीट पोरगी रडायला लागली. घरी तिची आजारी आई एकटीच होती आणि आडावर जायला दुसरं कुणी नव्हतं. मी दारातून बाजूला झाले. रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसून मी स्वतःवरच संतापत होते, कारण माझं वाक्य ऐकायला कितीही झोकदार असलं तरी खोटं होतं.

नाउन फ्रेज पोरांना कळली ती अशाच एका चिडक्या दुपारी. टँकर येतो येतो म्हणून आलाच नव्हता. मी खिडकीतून बाहेर बघत होते. बारीत एक म्हातारी आपल्या दोन घागरींना टेकून गाढ झोपली होती. मी वळले आणि फळ्यावर लिहिलं, ‘द ओल्ड वुमन विथ टू पॉट्स इज स्लीपिंग.’

“कोण झोपलंय?” मी विचारलं.

“म्हातारी!”

“कुठली म्हातारी?”

सगळ्यांनी माना वळवून बाहेर पाहिलं. “दोन घागरीची!”

“बारीत तिचे नंबर किती? म्हातारीचा एक, घागरींचे दोन, असे तीन?”

“न्हाई बाई! एकच!”

“मग हे सगळे शब्द मिळून वाक्यात नंबर एक. द ओल्ड वुमन विथ टू पॉट्स. आणि म्हातारी उठून घरी गेली, जागेवर चप्पल ठेवून गेली, तर?”

“नंबर तिचाच ऱ्हातोय.”

मी ते सगळे शब्द पुसले आणि त्या जागी नुसतं ‘शी’ लिहिलं. “ही तिची चप्पल.”

वर्ग एकदम उसळलाच. मग काय, प्रत्येकाला आपली नाउन फ्रेज सांगायची घाई. ‘द बिग टँकर विथ नो वॉटर.’ ‘द ब्लॅक डॉग ऑफ द सरपंच.’ एका वात्रट पोरानं ‘द न्यू डिस्ट्रिक्ट विथ द ओल्ड स्टॅम्प’ असं म्हटलं आणि मी हसू दाबत त्याला खाली बसवलं, कारण हेडमास्तर व्हरांड्यातून चालले होते. शेवटच्या बाकावरून अण्णा उठले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “बाई, एवढंच होतं का हे?” ते म्हणाले. “इतके दिवस मला कुणी सांगितलंच न्हाई.”

त्या दिवशी मी तरंगतच खोलीवर गेले. तरंगणं दोन दिवसांपलीकडं काही टिकलं नाही. पाणी आणखी आटलं, टँकर एका दिवसाआड यायला लागला. पोरं लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर जायला लागली आणि माझा अर्धा वर्ग ओस पडला. जी यायची ती पेंगायची. त्यांना उठवायचा धीर मला व्हायचा नाही. अण्णा तेवढे रोज येत राहिले. पहाटे लांबच्या विहिरीवरून दोन खेपा करून यायचे आणि लाल डोळ्यांनी फळ्याकडं बघत बसायचे. ऑक्टोबरच्या परीक्षेला ते उदगीरला जाऊन आले. मी विचारलं, “पेपर कसा गेला?”

“पेपर गेला, बाई. कसा गेला ते मला कळलं असतं तर आजवर नापास कामून झालो असतो?”

निकाल आला तेव्हा थंडी पडायला लागली होती. हेडमास्तर उदगीरला गेले होते, म्हणून अण्णांच्या हातात निकाल मीच ठेवला. ते पास झाले होते. काठावर, पण पास. त्यांनी तो कागद आधी लांब धरून पाहिला, मग जवळ धरून. मग मला विचारलं, “हे माझंच हाय ना?” मी हो म्हणाले तरी पटेना. मला तर हुंदकाच आला. नोकरीला लागल्यापासून आपल्या हातून काहीतरी झालं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

“बाई, आत्ता कुणाला बोलू नका,” ते म्हणाले. “हेडमास्तरला बी सांगून ठेवा. लातूरला नावं घेण्याची मुदत उद्यापुरतीच हाय मनलालेत. नाव लागलं की मगच सांगतो. आधी बोललं की नजर लागतीय.” दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते लातूरला गेले. अंगात धुतलेला पांढरा शर्ट आणि पायात लग्नातल्या चपला होत्या. हे मला एस. टी.च्या थांब्यावर दिसलं, कारण शनिवारची सकाळची शाळा असल्यामुळं मी लवकर उठले होते.

मी दुपारी नांदेडला घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. फार फुशारकीनं सांगितलं. म्हातारीच्या दोन घागरी, चप्पल, सगळं. आई हसली आणि म्हणाली, “चला, एक तरी मार्गाला लागला.”

सोमवारी सकाळी शाळेत आले तर अण्णा व्हरांड्यात उभे. बगलेत दप्तर. पायात काही नव्हतं.

“काय हो अण्णा, साखर कुठंय?” मी लांबूनच ओरडले.

त्यांनी मला हातानंच जवळ बोलावलं. मी जवळ गेले, तेव्हा खालच्या आवाजात सांगायला लागले. कचेरीपुढं रस्त्यापर्यंत लाइन होती. उन्हं वर आली तरी ते निम्म्यातच होते. घसा कोरडा पडला. पाणी कुठंच नव्हतं. हॉटेलात विचारलं तर तो म्हणाला, चहा घेतला तर पाणी. “मनून चपला काढून नंबरावर ठेवलो बाई, आणि चहा प्यायला गेलो. मागच्या माणसाला सांगून गेल्तो की ह्या माझ्या चपला हायत. त्यानं मान हालवली.”

मला पुढचं कळलं होतं. पण ते सांगत होते आणि मला ऐकावं लागत होतं.

“परत आलो तर चपला न्हाईत. लाइन पुढं सरकलेली. मी मनलो, माझा नंबर हितं होता. तर लोक हसायला लागले. एक जण मनला, पाव्हणं, हितं माणसाचं नाव घेतात, चपलेचं न्हाई. मग पार शेवटाला जाऊन उभा ऱ्हायलो. माझ्या पुढं चार माणसं होती तवा खिडकी बंद झाली.”

“तुम्ही भांडला नाहीत?”

“कुणासंगं भांडू? त्यांच्यात तसा रिवाजच न्हाई, तर त्यांची काय चूक? एक चप्पल गटारात घावली. दुसरी न्हाई घावली. एकच घेऊन काय करू मनून तिथंच टाकलो.”

मी म्हणाले, चला, आत्ताच्या आत्ता जाऊ, मी येते तुमच्याबरोबर, मी बोलते साहेबाशी. मी तावातावानं बोलत होते खरी, पण साहेब कोण, बसतो कुठं आणि त्याला काय म्हणायचं, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मुदत संपली होती. साहेबापुढं उभं राहून मी काय सांगणार होते, की आमच्या गावात चप्पल म्हणजे माणूस धरतात? अण्णांनी नुसती मान हलवली. “नका बाई. पुन्हा निघतील की जागा. जिल्हा काय कुठं पळून चाललाय?”

“घरी काय म्हणाले?”

अण्णांनी दप्तर या बगलेतून त्या बगलेत घेतलं. “घरी नापास झालो मनून सांगितलो.”

“काय?”

“पास झालो आणि चपलेपायी नंबर घालवलो, असं सांगू का बायकूला? ती दिवसभर खडी फोडतीय बाई. नापास झालेलं त्यांच्या सवयीचं हाय. कुणी काही ईचारत न्हाई, वाढून देतात.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुम्ही तेवढं कुणाला बोलू नका. आणि पुढच्या जागा निघूस्तोवर मला वर्गात बसू द्या. नापास माणूस दिवसभर घरी बसला तर बरं दिसत न्हाई.”

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. त्यांचा नाही, लातूरच्या त्या हसणाऱ्या लोकांचाही नाही, कुणाचा ते आजही मला नीट सांगता येणार नाही. घंटा झाली. अण्णा माझ्याआधी वर्गात गेले आणि आपल्या जागेवर तिरपे बसले.

ते नापास झाल्याची बातमी पोरांपर्यंत त्यांच्याआधी पोचलेली होती. एरवी टवाळी करणारा वर्ग त्या दिवशी फार शहाण्यासारखा वागला. वात्रट पोरगा म्हणाला, “अण्णा, फिकीर करू नका, ह्या बारीला निघतंय.” ती धीट पोरगी तर वही घेऊन उठली, मला न विचारता शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि तिनं एक वाक्य लिहून वही अण्णांपुढं सरकवली.

“अण्णा, घाबरायचं न्हाई,” ती म्हणाली. “पहिलं वाक्याला ईचारायचं, कोण? मग ईचारायचं, कुठला? आता रेघ मारा बघू.”

मी फळ्यापाशी होते. अण्णांनी पेन्सिल घेतली. वाक्य सोपं होतं, त्यांना येत होतं, हे त्या वर्गात फक्त मला आणि त्यांना माहीत होतं. त्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं आणि एकाच शब्दाखाली रेघ मारली.

“बगा!” पोरगी कळवळून म्हणाली. “असंच करताव तुम्ही. मनूनच नापास होताव.”

“हाव,” अण्णा म्हणाले. “पुन्हा एकदा सांग.”